सरकीचा बैल

माझी जीभ पहिल्यापासून तिखट. आई म्हणायची, या पोरीच्या तोंडाला कुलूप लावून किल्ली दुधना नदीत टाकली तरी ही कडी वाजवून बोलेल. त्या जिभेनं मला आयुष्यात बरंच काही मिळवून दिलं आणि एकदा माझी खुर्ची जवळजवळ घालवली. ती खुर्ची साधी नव्हती. ही त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट. परभणीत रंगीत पडद्याचा कॉम्प्युटर बघायचा तर तो फार थोड्या ठिकाणी होता, आणि त्यातल्या एका छापखान्यात कॉम्प्युटरपुढं मी बसत होते. सेलूची, बारावी झालेली, मार्केवाल्याची पोरगी.

मार्केवाला म्हणजे काय, ते आता सांगावं लागतं. सेलूत ऑइल मिला, डाळ मिला, जिनिंगं. प्रत्येकाच्या पोत्यावर त्याचा त्याचा मार्का. कुणाचा मोर, कुणाचा चांद, कुणाचं नुसतं अक्षर. पत्र्यात त्या आकाराची भोकं पाडायची, पत्रा पोत्यावर धरायचा आणि वरून काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा. पत्रा उचलला की पोत्यावर मार्का उमटलेला. ते पत्रे माझे बाबा कापायचे. अंगणात निंबाखाली लाकडी ठोकळा, त्यावर पत्रा, हातात छिन्नी आणि हातोडी. हमाल, मुनीम, शेटजी, सगळे अंगणातच येऊन उभे राहायचे आणि बाबा मान वर न करता बोलायचे.

दहा वर्षांची असताना मी हट्टानं एक अक्षर कापलं. 'ठ' कापला, कारण तो सोपा वाटला, गोलच तर आहे. अर्धा दिवस घालवून गोल पूर्ण केला, मोठ्या तोऱ्यात पत्रा उचलला आणि 'ठ'चं पोट टणकन खाली पडलं. पत्र्याला उरलं एक भलंमोठं भोक. बाबा हसले. "पडणारच की," म्हणाले. "त्याला धरून ठेवलंच न्हाई कुणी. मधल्याला जोड ठेवावा लागतो. आधी जोड ठेव, मग छिन्नी उचल." मग त्यांनी गोलाला वर आणि खाली बोटभर जागा न कापता ठेवून दाखवली, आणि पोट जागच्या जागी राहिलं.

तेव्हापासून मला खोड लागली ती लागलीच. दुकानाची पाटी बघा, लग्नाची पत्रिका बघा, माझ्या डोक्यात पहिला विचार, हे पत्र्यात कापलं तर मधलं पडेल का? बहिणी वैतागायच्या. थोरली म्हणायची, हिला नवरा दाखवायला आणला तर ही त्याच्या शर्टावरची फुलं बघत बसेल.

बारावी झाली, टायपिंगची परीक्षा झाली, आणि परभणीच्या एका छापखान्यात प्रुफं वाचायचं काम लागलं. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, संध्याकाळच्या पॅसेंजरनं यायचं. मालक पन्नाशीचे, तोंडात कायम पान, बोलणं दहा शब्दांत आटपणारे. त्र्याण्णवला त्यांनी हौसेनं कॉम्प्युटर घेतला. त्यासाठी काचेची खोली केली, कूलर बसवला, चपला बाहेर काढायचा नियम केला. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी कीबोर्डवर सांडू नये म्हणून मीच धावून परात धरली. शिकवायला औरंगाबादहून एक ऑपरेटर आणला होता. त्याला इथलं पाणी मानवलं नाही, तीन महिन्यांत गेला. मालकांनी मला बसवलं, कारण दुसरं कुणी नव्हतंच. खरं तेच सांगते.

इंग्रजी माझं यथातथाच. सॉफ्टवेअरबरोबर आलेलं पुस्तक उशीएवढं जाड, त्यातलं चार ओळींत एक वाक्य कळायचं. मग मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि एकेक कळ दाबून काय होतं ते वहीत मराठीत लिहायला सुरुवात केली. नावंही माझीच. एका आकाराच्या आत दुसरं चित्र कोंबायची एक सोय होती, तिला मी नाव दिलं 'पोटात घाल'. समजा मोराचा आकार काढला आणि शेजारी रेघांचा पट्टा काढला. पट्टा मोराच्या पोटात घातला की रेघा फक्त मोरापुरत्या दिसायच्या, बाहेरच्या नाहीशा. ज्या दिवशी ते पहिल्यांदा दिसलं, त्या दिवशी मी खुर्चीवरून उठलेच. हे तर पत्र्याचंच काम. ब्रश सगळ्या पत्र्यावर फिरतो, रंग दिसतो तो भोकापुरता. औरंगाबादच्या ऑपरेटरला जे आठवडाभर समजावता आलं नव्हतं, ते मला बाबांनी दहाव्या वर्षीच शिकवलं होतं.

दुसरी सोय होती तिला नाव 'माय-लेकरं'. एक वस्तू काढायची, ती माय. तिच्या नकला काढायच्या, ती लेकरं. मग मायला मोठं केलं की सगळी लेकरं मोठी. मायचा रंग बदलला की सगळ्यांचा बदलला. पण एखाद्या लेकराला तुम्ही स्वतः हात लावून बदललं, की ते मायपासून सुटलं. मग माय काही करो, ते ऐकायचं नाही. मला हे वाचून कळलं नव्हतं, ठेच लागून कळलं, ते पुढं येईलच.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागला. माझ्या लहानपणी, अठ्ठ्याहत्तरला, याच नावापायी आसपासची गावं पेटली होती. कुणाची घरं जळली ते मोठी माणसं हळू आवाजात बोलायची आणि आम्हाला बघून गप्प व्हायची. एवढ्या वर्षांनी ते नाव आता कागदावर येणार होतं, आणि एका कॉलेजचे ते कागद आमच्याकडं आले. लेटरहेडं, दाखले, पावत्या. एका तावावर आठ पावत्या बसायच्या. मी एक माय केली, सात लेकरं केली, आणि मायवर नवं नाव टाकलं. पडद्यावर आठही ठिकाणी ते एकदम बदललं. गठ्ठे न्यायला कॉलेजचे शिपाईमामा आले होते. त्यांनी वरचा कागद उचलला, नावावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, "ताई, एक खराब झाल्याला असंल तर देता का? घरी लावायचाय." मी खराब नाही, चांगलाच दिला. त्यांनी तो घडी न घालता, दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून नेला. मला त्या दिवशी आपण काहीतरी केलं असं वाटलं, आणि ते वाटणं मी कुणाला सांगितलं नाही.

मालकांचं मात्र समाधान नव्हतं. त्यांचं म्हणणं, पावत्या आणि लेटरहेडं शिशाचे खिळे जुळवूनही होतात, त्यासाठी एवढं मशीन कशाला? रंगीत लेबलं, डबे, खोकी, ही कामं आली पाहिजेत. आणि ती यायची नाहीत. आली तरी मालक स्वतःच म्हणायचे, "डिझाइन पुण्याहून करून आणा, छापून आमी देतो." निजामाच्या काळापासूनची एक म्हण आमच्याकडं आहे, बनी तो बनी, नहीं तो परभणी. दुसरीकडं जमलं तर जमलं, नाही तर आहेच आपली परभणी. जिल्ह्यातली माणसं ती हसत सांगतात. आमचे मालक ती खरी मानायचे.

उन्हाळ्यात एक दिवस ते काचेच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "नांदेडचा एक छापखानेवाला मशीन मागायलाय. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत बघतो. रंगीत काम आलं तर ठीक. न्हाई तर देऊन टाकतो."

"आन मी?" मी विचारलं.

"प्रुफं वाचायला आता माणूस हाय," एवढं बोलून ते गेले.

म्हणजे मी सेलूला परत. परत जाण्यात वाईट काय, असं घरच्यांना वाटणं साहजिक होतं. पण मला ती खुर्ची हवी होती. घरी मी तीन बहिणींतली मधली, माझं मत कुणी विचारायचं नाही, भाजी कुठली करायची हेसुद्धा नाही. इथं मोठमोठी माणसं चपला काढून आत यायची, पडद्याकडं बघायची आणि विचारायची, "ताई, हे असं व्हईल का?" व्हईल की नाही, ते मी सांगायचे. ते सुख मला सोडायचं नव्हतं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, रंगीत काम आलं नाही. रोज रात्री मी उरलेले दिवस बोटांवर मोजून झोपायचे.

दिवाळीला आठवडा उरला होता आणि सेलूच्या एका ऑइल मिलचे शेटजी आले. त्यांना तेलाच्या डब्यासाठी लेबल छापायचं होतं आणि सरकी पेंडीच्या पोत्यांसाठी तोच मार्का हवा होता. पाडव्याला नवा मार्का बाजारात उतरवायचा होता. डिझाइन त्यांनी पुण्याहून करून आणलं होतं. मालकांनी ते कौतुकानं टेबलावर उलगडलं. देखणं होतं, खोटं कशाला बोलू? गोल कडं, कड्याच्या आत बैलाचं तोंड, बाहेरून कापसाच्या बोंडांची माळ. शेटजी म्हणाले, "असंच्या असं छापून द्या."

आणि माझी जीभ सुटली. "डब्यावर छापता येईल. पोत्यावर न्हाई येणार."

मालकांचं पान तोंडात थांबलं. शेटजींनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "कामून न्हाई येणार? पुण्याचं हाय."

"पुण्यात पोत्यांवर मार्का मारत नसतील," मी म्हणाले. "हे कडं पत्र्यात कापलं की आतलं बैलाचं तोंड खाली पडतंय. त्याला धरून ठेवणारं काहीच न्हाई."

मला वाटलं आता बोलणी बसतात. पण शेटजी खुर्चीत मागं रेलले. "हेच आमचा सेलूचा मार्केवाला म्हणाला. म्या त्याला म्हणलो, पुण्याच्या माणसानं काही इचार केला असंल की. तसंच काप. त्यानं शेवटी तारा डागून तोंड लटकवून दिलंय."

"ते माझे बाबा."

शेटजी खो खो हसले. मग एकदम हसू आवरून म्हणाले, "मग तूच दे करून. डब्यावर बी चालंल आन पोत्यावर बी. चार दिवसांनी मिलमधी पत्रा घेऊन ये. तारा न्हाई पाहिजेत, डाग न्हाई पाहिजेत, आन बैल बैलच दिसला पाहिजे. जमलं तर लेबलं हितंच छापतो. न्हाई तर सगळंच पुण्याला."

शेटजी गेले आणि मालक तडकले. आयुष्यात पहिल्यांदा ते दहा शब्दांच्या पुढं गेले. आयतं आलेलं रंगीत काम मी तोंडानं घालवलं होतं. डिझाइन तयार होतं, नुसतं छापायचं होतं, डबेच तर छापायचे होते, पोत्याची फिकीर आपल्याला कशाला? शेवटी म्हणाले, "हे गिऱ्हाईक गेलं तर मशीन पाडव्याची वाट बघणार न्हाई. उद्याच नांदेडला. आन तू घरी." मी मान खाली घातली, पण माफी मागितली नाही. माझं चुकलं नव्हतं.

मशीनपुढं बसले आणि विचार केला. कड्याला जोड ठेवले असते तर पत्रा टिकला असता, पण डब्यावर ते जोड बघून शेटजी म्हणाले असते, हे तुटल्यासारखं काय? रेघेचा बैल काढला की रेघेच्या आतलं पडणार. मग रेघच नको. बैलाला बाहेरची रेघ न देता तो नुसता सरकीनं भरला तर? शेतभर सरकीचे दाणे मांडायचे, आणि ते शेत बैलाच्या पोटात घालायचं. कडेचे दाणे बैलाच्या आकारात कापले जातील, त्यामुळं डोळ्याला बैल दिसेल. पत्र्यात दाणा म्हणजे एकेक सुटं भोक. दोन भोकांच्या मध्ये पत्रा राहणारच, आणि तोच पत्रा सगळं धरून ठेवेल. पडायला काही उरतच नाही. डोळ्याच्या जागी एक दाणा कमी.

हे सुचलं तेव्हा मी एकटीच मोठ्यानं हसले. काचेपलीकडं खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरकाकांनी विचारलं, "काय झालं गं?" मी म्हणाले, "बैल सापडला."

एक दाणा काढला, ती माय. ओळ केली, ओळीच्या ओळी केल्या, एक ओळ अर्ध्या दाण्यानं सरकवून. बैलाचा आकार काढला, पुढचा पाय उचललेला, वशिंड भरदार. शेत पोटात घातलं. पडदा हळूहळू भरत गेला, मशीन तेव्हा फार संथ, आणि शेवटी सरकीचा बैल समोर उभा राहिला. मला तो एवढा आवडला की मी त्याला नीट करायला बसले. इथंच माती खाल्ली.

कडेला काही दाण्यांचे अगदी बारीक तुकडे पडले होते, नखाच्या कोरीएवढे. पत्र्यात ते नीट कापले गेले नसते. जन्म गेला होता एकेक भोक निरखण्यात. मी बैल पुन्हा उघडला आणि कडेचा एकेक दाणा पकडून हातानं दुरुस्त केला. कुठं छोटा केला, कुठं वळवला, कुठं शेजाऱ्यापासून लांब सरकवला. शिंगं, शेपटी, खूर, सगळीकडं. मध्ये दोनदा लाईट गेली, बॅटरी शिट्टी मारायला लागली, धावतपळत काम साठवलं. दोन दिवस गेले. मालक येता-जाता काचेतून बघून जायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कागद घेऊन सेलूला गेले. बाबांनी तो निंबाखाली उजेडात धरला. बराच वेळ बघितला. पहिलं वाक्य म्हणाले, "आखणी लय शानी हाय." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुसरं वाक्य म्हणाले, "पण दाणा लय बारका हाय. माझी छिन्नी यात बसत न्हाई. आन बसली तरी ताग जाड असतोय, एवढ्या भोकातून रंग उतरत न्हाई."

"मोठा करते," मी म्हणाले. "मायला मोठं केलं की सगळे होतात." बाबांना ते कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली. मी त्यांची सगळ्यात बारीक गोल छिन्नी पिशवीत टाकली. दोन ठोक्यांत एक दाणा पडला पाहिजे, एवढं त्यांनी सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मायला मोठं केलं. आतले दाणे टरारून फुगले. कडेचे, जे मी दोन दिवस एकेक करून लाडानं सजवले होते, ते जसेच्या तसे बारके राहिले. हात लावलेलं प्रत्येक लेकरू मायपासून सुटलं होतं. पडद्यावर बैलाला खरूज झाल्यासारखं दिसत होतं. बाबांना कापायला एक अख्खा दिवस लागणार होता. म्हणजे आज संध्याकाळपर्यंत कागद हातात हवा होता.

रडू आलं होतं, पण कंपोझिटरकाका बघत होते. मग सगळे दाणे पुसून टाकले. दोन दिवसांची मेहनत, एक कळ. बैलाचा नुसता आकार ठेवला. पिशवीतून छिन्नी काढली, तिचं टोक कागदावर दाबून ठसा घेतला, आणि त्या ठशाएवढा एकच दाणा काढला. ओळ केली, पुन्हा, पुन्हा, पुन्हा. शेत बैलाच्या पोटात घातलं. कडेला तुकडे पुन्हा पडले. या वेळी मी एकाही दाण्याला हात लावला नाही. पोटातलं अख्खं शेतच एकदम हलवता येतं, ते हलवलं. थोडं डावीकडं, थोडं वर. जिथं शिंगाच्या टोकावर पूर्ण दाणा बसला आणि कोरीएवढे तुकडे दिसेनासे झाले, तिथं थांबले. जेवणाच्या सुट्टीआधी बैल तयार होता. भोवतीची बोंडं एक काढून बाकीची गोल फिरवत मांडली, दोन बोंडांमध्ये बोटभर मोकळी जागा सोडत, म्हणजे ती माळही पत्र्यात टिकली असती.

मालकांना दाखवलं. त्यांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "पुण्यासारखं न्हाई हे," म्हणाले.

"न्हाईच," मी म्हणाले.

चौथा दिवस बाबांच्या ठोक्यांचा. त्या दिवशी मी कामावर गेलेच नाही, ठोकळ्याशेजारी बसून राहिले. सरकी मागून सरकी पडत गेली. संध्याकाळी उन्हं उतरायच्या आत बाबांनी पत्रा वर्तमानपत्रात गुंडाळला आणि आम्ही दोघं मिलवर गेलो. मालकही परभणीहून आले होते, ते शेटजींच्या शेजारी खुर्चीत. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही.

शेटजींनी आधी पुण्याच्या डिझाइनचा पत्रा मारायला सांगितला. तारा होत्या, पत्रा पोत्यावर सपाट बसेना, रंग तारांखाली शिरला. मग आमचा. बाबांनी ब्रश दोनदा फिरवला आणि पत्रा सरळ वर उचलला. मला बघवेना, मी वजनकाट्याकडं तोंड केलं. तिथं एक म्हातारे हमाल पोतं टेकवून उभे होते. शेटजींनी त्यांनाच हाक मारली. "मामा, तिथूनच सांगा. ह्या पोत्यावर काय हाय?"

"घड्याळ हाय का?" हमालमामा म्हणाले. गोल कड्यात तारांचे काटे, ते पुण्याचं होतं.

"आन ह्याच्यावर?"

"बैल." मग डोळे बारीक करून म्हणाले, "सरकी खाऊन माजल्याला दिसतोय."

सगळं गोदाम हसलं. मीसुद्धा. बाबा हसले नाहीत, पत्र्यावरचा रंग फडक्यानं पुसत राहिले. शेटजी त्यांना म्हणाले, "झकास कापलंय." तर बाबा म्हणाले, "कापलं म्या. आखलंय पोरीनं. म्या जन्मात असं आखलं नसतं." भर गोदामात, मुनीम, हमाल, माझे मालक, सगळ्यांच्या देखत. तेलाच्या डब्यांची लेबलं परभणीत छापायचं ठरलं. मालकांनी उठताना मला फक्त, "पाडवा झाल्यावर लवकर ये," असं सांगितलं.

मशीनचं काय, ते बोलले नाहीत. आणि मी विचारलं नाही, मला भीती वाटत होती.

पाडवा झाला, भाऊबीज झाली. कामावर गेले तर दारात नांदेडची जीप. तो छापखानेवाला आला होता. त्याला मालकांनी दिवाळीनंतरचा शब्द दिलेला, तो मोडायचा कसा म्हणून मालक नुसते पान चघळत उभे. पाहुणा म्हणाला, "चालवून तर दाखवा." मालकांनी माझ्याकडं बघितलं. मी चप्पल काढून आत गेले आणि बसले.

हात जड करायचे, चार चुका करायच्या, मशीन अडतंय असं दाखवायचं, हे मनात आलं होतं. येणारच. पण ते माझ्यानं झालं नाही. ज्या कामाचा एवढा गर्व, ते मुद्दाम बिघडवून दाखवायचं? मी त्यांना विचारलं, "कोणतं फूल आवडतं?" ते म्हणाले, कमळ. मी एक पाकळी काढली, गोल फिरवली, फूल केलं. फुलांचं शेत केलं, ते एका कलशाच्या पोटात घातलं. मग मायचा रंग बदलला आणि सगळं शेत एकदम गुलाबी झालं. पाहुण्यांनी खुर्ची पुढं ओढली. पुन्हा म्हणाले. मी पुन्हा केलं, दुसरा रंग.

ते उठले, काचेबाहेर गेले आणि मालकांना म्हणाले, "मशीन पसंत हाय. ही बाई संगं येते का?"

"न्हाई," मालक म्हणाले.

"मग हे खोकं नेऊन मी काय करू? माझ्याकडं हे करणारं कुणी न्हाई."

"तेच म्हणायलो मी," मालक म्हणाले. "म्हणून तर विकायचं न्हाई."

पाहुणे चहा घेऊन गेले. जाताना काचेत डोकं घालून मला म्हणाले, "ताई, कधी मनात आलं तर नांदेडला जागा हाय." जीपचा आवाज लांब गेला. मग मालक आत आले. कूलर बंद केला, पुन्हा चालू केला. पडद्यावरचं कमळ बघितलं. शेवटी, तोंडातलं पान एका गालात सरकवून, हळू आवाजात म्हणाले, "नांदेडचं काही डोक्यात न्हाई ना तुझ्या?"

'न्हाई' हे उत्तर माझ्याकडं तयार होतं. पण उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत मी रोज रात्री दिवस मोजत झोपले होते. मी कमळाचा रंग बदलला, तो सगळ्या फुलांवर उतरेपर्यंत थांबले, आणि म्हणाले, "बघते."